आधी मोजा, मग खोला: जुन्या पिकअपचा झिजलेला गिअरबॉक्स नव्याने बांधताना

बॉक्स उतरवला, नवीन बेअरिंग टाकले, सील बदलले, परत चढवला आणि तिसऱ्या दिवशी तीच घरघर. असं झालेल्यांना खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट बाहेर येते. झाकण निघाल्या निघाल्या सगळं सुटं केलं, रॉकेलमध्ये बुडवलं आणि मग काय झिजलंय ते शोधायला बसले. धुऊन टेबलावर मांडलेला गिअर छानच दिसतो. तो शाफ्टवर किती हलत होता, सिंक्रो रिंग (गिअर टाकताना दोन्ही भागांचा वेग जुळवणारी पितळी रिंग) आणि गिअरच्या दातांमध्ये किती फट उरली होती, क्लस्टर (काउंटर शाफ्टवरचा, एकाच तुकड्यातला खालच्या गिअरांचा संच) पुढे-मागे किती सरकत होता, हे फक्त जोडलेला बॉक्सच सांगू शकतो. एकदा खोलला की ती माहिती गेली.

इथे गृहीत धरलेला बॉक्स म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जुन्या पिकअपमधला ओतीव लोखंडी, चार गिअरचा, वरून झाकण असलेला बॉक्स. मन्सी एसएम४६५ किंवा बोर्गवॉर्नर टी-१८ या जातीचा. तुमचा वेगळा असेल तर क्रमात थोडा फरक पडेल, तत्त्व तेच.

## १. बॉक्सच गेलाय का, हे आधी ठरवा

गिअर टाकताना खर्र आवाज आला की सगळे सिंक्रो रिंगला दोष देतात. निम्म्या वेळा दोषी क्लच असतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन आयडलवर, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा, दहापर्यंत मोजा, मग हळूच रिव्हर्स टाका. अशा बहुतेक बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. दहा आकडे मोजूनही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये आणि आतला शाफ्ट अजून फिरतोय. आधी लिंकेज, हायड्रॉलिक आणि क्लच प्लेट बघा. हे न करता टाकलेल्या नव्या रिंगा काही महिन्यांत जुन्यांसारख्या होतील.

आता आवाज. गाडी उभी, न्यूट्रल, पाय पेडलवरून काढलेला, आणि घरघर येते. पेडल दाबलं की बंद होते. म्हणजे इनपुट शाफ्टचं (क्लचकडून ताकद आत आणणारा दांडा) बेअरिंग किंवा क्लस्टरची बेअरिंग. उलट पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) किंवा फ्लायव्हीलच्या मधला पायलट बुश.

चालत्या गाडीत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्याला आवाज आणि चौथ्यात शांत, ही खूण फार उपयोगी आहे. चौथा गिअर थेट असतो: इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट (ताकद मागे नेणारा दांडा) एकमेकांत अडकून एकच दांडा होतात. क्लस्टर फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. दोन शाफ्टच्या सांध्यातले रोलरही तेव्हा एकमेकांच्या तुलनेत स्थिर असतात. म्हणून चौथ्यात शांत आणि बाकी ठिकाणी आवाज असेल तर संशय क्लस्टरवर आणि त्या सांध्यातल्या बेअरिंगवर. चौथ्यातही आवाज असेल तर इनपुट बेअरिंग, मागचं बेअरिंग किंवा बॉक्सच्या बाहेर प्रॉपेलर शाफ्ट.

गिअर सटकत असेल तर बॉक्स उतरवण्याआधी चार गोष्टी हाताने हलवून बघा: इंजिनचे माउंट, बॉक्सचा मागचा माउंट, बेल हाउसिंगचे (इंजिन आणि बॉक्स यांच्यामधलं, क्लचभोवतीचं कवच) बोल्ट, गिअर लिव्हरचा बुश. बेल हाउसिंगचे दोन बोल्ट ढिले होते म्हणून पूर्ण बॉक्स बांधून घेतलेले लोक मला माहीत आहेत.

तपासणी: कोणत्या गिअरला, भार देताना की ॲक्सिलरेटर सोडल्यावर, थंड असताना की गरम झाल्यावर, हे कागदावर लिहून ठेवा. पाचव्या टप्प्यात हा कागद लागणार आहे.

## २. तयारी

गाडीच्या मॉडेलवरून सुटे भाग मागवू नका. जुन्या पिकअपमध्ये पन्नास वर्षांत कोणी कोणता बॉक्स टाकला असेल, सांगता येत नाही. बॉक्सच्या अंगावर ओतलेला नंबर वायर ब्रशने घासून वाचा, झाकणाचे बोल्ट मोजा, फोटो काढा आणि त्या बॉक्सचं मॅन्युअल मिळवा. त्यातली खेळाची आणि टॉर्कची मापं हीच खरी. इथे दिलेले आकडे अंदाजासाठी आहेत.

लागणारी हत्यारं:

- फिलर गेज, व्हर्निअर आणि चुंबकी पायाचा डायल गेज
- सर्क्लिप पक्कड, आत उघडणारी आणि बाहेर उघडणारी, दोन्ही
- बेअरिंग पुलर, आणि जवळपास हायड्रॉलिक प्रेस
- पितळी ड्रिफ्ट आणि मऊ तोंडाचा हातोडा
- टॉर्क पाना
- ट्रान्समिशन जॅक, किंवा पक्का पट्टा बांधता येईल असा जॅक
- डमी शाफ्ट

डमी शाफ्टबद्दल थोडं सांगतो, कारण हा नसल्यामुळेच बरेच जण रडतात. स्थिर काउंटर शाफ्टवर फिरणाऱ्या क्लस्टरमध्ये दोन्ही टोकांना सुटे निडल रोलर असतात. शाफ्ट नुसता ठोकून काढला की सगळे रोलर बॉक्सच्या तळाशी. डमी म्हणजे शाफ्टपेक्षा केसभर बारीक गोल दांडा, लांबी क्लस्टर आणि त्याचे थ्रस्ट वॉशर (पुढे-मागे सरकणं रोखणाऱ्या चकत्या) मिळून होते तेवढीच, म्हणजे बॉक्सच्या दोन भिंतींमध्ये मावेल अशी. लेथवर दहा मिनिटांचं काम आहे. लाकडी दांडाही चालतो, पण ढलपी निघणार नाही इतका गुळगुळीत हवा. एसएम४६५ मध्ये क्लस्टरच्या टोकांना पूर्ण बेअरिंग असतात, तिथे डमीचं काम नाही.

टेबल रिकामं करा. कागद अंथरा, डबे मांडा, प्रत्येक डब्यावर नंबर टाका.

## ३. ऑइल काढा आणि वाचा

सावध: आधी भरण्याचा प्लग सोडवा, मग काढण्याचा. भरण्याचा प्लग गंजून बसलेला असतो आणि ऑइल काढून झाल्यावर हे कळलं तर गाडी जागची हलवता येत नाही.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून ऑइल कोमट असताना काढा. स्वच्छ, उथळ भांड्यात घ्या आणि उन्हात तिरपं धरून बघा.

सोनेरी चकाकी, जणू ऑइलमध्ये जरीची बारीक भुकटी मिसळली आहे: ते पितळ, म्हणजे सिंक्रो रिंगा किंवा पितळी वॉशर. चुंबकाला चिकटणारी राखाडी, लोण्यासारखी पेस्ट ठरावीक प्रमाणात असायचीच. पण बोटांत चोळल्यावर टोचणारे पापुद्रे असतील तर बेअरिंगच्या धावपट्टीचा किंवा दाताचा पृष्ठभाग सोलला जातोय. कोपरे असलेला तुकडा सापडला तर तो जपून ठेवा. तो कुठल्या दाताचा आहे हे नंतर जुळवून बघायचं आहे. ऑइल ताकासारखं असेल तर पाणी गेलंय, आणि सगळ्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके मिळणार हे धरून चाला.

## ४. खाली उतरवणे

बॅटरी काढा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा, गाडी पक्क्या स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. प्रॉपेलर शाफ्ट काढण्याआधी त्याच्या आणि फ्लॅंजच्या अंगावर एका रेषेत खूण करा. गिअर लिव्हर काढून भोकात स्वच्छ चिंधी कोंबा.

क्रॉस मेंबर सोडण्याआधी इंजिनच्या मागच्या बाजूला, ऑइल पॅनखाली, रुंद लाकडी ठोकळा ठेवून आधार द्या. बॉक्स निघाला की इंजिन मागे कलतं. कललं की पंखा रेडिएटरकडे जातो आणि मागे असलेला डिस्ट्रिब्युटर फायरवॉलला टेकतो. दोन्हीवर नजर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी दोन गाइड स्टड लावा: त्याच आट्यांचे लांब बोल्ट, डोकं कापून टोकाला स्क्रू ड्रायव्हरची खाच पाडलेले. बॉक्स त्यांच्यावरून सरळ मागे सरकतो.

सावध: असा बॉक्स साठ ते ऐंशी किलोचा असतो. तो एक क्षणही नुसत्या इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका. क्लच प्लेटचा हब वाकतो, आणि मग क्लच सुटत नाही. म्हणजे पहिल्या टप्प्यात ज्या दोषावर आपण शंका घेतली, तोच दोष आपल्या हाताने तयार होतो.

## ५. खोलण्याआधीची मापं

बॉक्स बाहेरून धुऊन घ्या, आतून नाही. न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून झाकण सरळ वर उचला. गिअरमध्ये असताना झाकण ओढलं की फोर्क (लिव्हरने हलणारे काटे) स्लीव्हमध्ये (सरकून गिअर गुंतवणारी बाही) अडकतात आणि लोक खाली पाचर घालून उचकटतात. तिथेच फोर्क वाकतो.

पहिल्या टप्प्यातला कागद शेजारी ठेवा आणि एकेक माप घ्या.

रिंगची फट. सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर (रिंगच्या आत बसणारा निमुळता भाग) बोटाने सारखी दाबून धरा आणि रिंगचे दात व गिअरचे छोटे दात यांच्यात फिलर गेज घाला. तीन ठिकाणी मोजा. बऱ्याच बॉक्समध्ये नव्या रिंगला एक मिमीच्या आसपास फट मिळते आणि अर्ध्या मिमीच्या खाली आली की रिंग संपली. तीन ठिकाणी तीन आकडे आले तर रिंग किंवा कोन वाकडा आहे.

गिअरचा शाफ्टवरचा खेळ. प्रत्येक गिअर शाफ्टच्या लांबीत किती सरकतो ते फिलर गेजने, आणि वर-खाली किती डुलतो ते डायल गेजने. जो गिअर सटकत होता त्याचा आकडा इतरांपेक्षा वेगळा निघतो, बहुतेक वेळा.

क्लस्टर. पुढे-मागे सरकवून थ्रस्ट वॉशरजवळची फट मोजा. मग दोन्ही हातांनी वर उचलून बघा. टक्क असा आवाज आला तर रोलर किंवा शाफ्ट झिजलाय.

इनपुट शाफ्ट. टोक धरून हलवा. थोडा डुलणारच, कारण त्याचं पुढचं टोक गाडीत पायलट बुशमध्ये आधार घेतं आणि आत्ता ते मोकळं आहे. हे न कळल्यामुळे चांगली बेअरिंग फेकलेली पाहिली आहेत. फिरवताना खरखर लागते का, ते बघा.

शेवटी स्लीव्ह आणि हब (स्लीव्हच्या आतला, शाफ्टवर बसणारा भाग) यांच्या अंगावर टोकदार हत्याराने जुळणीची खूण करा. दोन्ही एकमेकांना घासून जमलेले असतात. वेगळ्या जागी बसवले की स्लीव्ह अडखळते. स्लीव्हची पुढची बाजू कोणती, हेही त्याच वेळी खुणेने लिहा.

## ६. खोलण्याचा क्रम

१. मागच्या फ्लॅंजचा मोठा नट सोडा. फ्लॅंजला लांब दांडा बोल्टने अडकवून धरा. दोन गिअर एकदम गुंतवून शाफ्ट अडवण्याची युक्ती सर्रास वापरतात. त्यात दातांवर नको तो भार येतो.

२. मागचं कव्हर, स्पीडोमीटरचा छोटा गिअर आणि शिम (खेळ जुळवणाऱ्या पातळ चकत्या) काढा. शिम किती आणि कोणत्या जाडीच्या, ते मोजून लिहा.

३. इनपुट बेअरिंगचं पुढचं कव्हर काढा. त्याच्या पॅकिंगची जाडी मोजा. बरेच लोक हे पॅकिंग खरवडून टाकतात आणि नंतर हाताला लागेल ते लावतात. पण बेअरिंग किती घट्ट दाबलं जाणार, हे त्या जाडीवर ठरतं.

४. काउंटर शाफ्टची लॉक प्लेट काढा. डमी शाफ्ट एका बाजूने आत ढकलत खरा शाफ्ट दुसऱ्या बाजूने बाहेर काढा. कोणत्या दिशेने निघतो ते मॅन्युअलमध्ये बघा. दोघांची टोकं एकमेकांना चिकटलेलीच राहिली पाहिजेत. मध्ये अर्धा सेंटिमीटर फट पडली तरी एक-दोन रोलर तिथे घसरून आडवे होतात. शाफ्ट निघाला की क्लस्टर हळूच तळाशी उतरतो आणि वर जागा होते.

५. इनपुट शाफ्ट पुढून काढा. सांध्यातले रोलर सुटे असतील तर खाली चिंधी धरा आणि मोजा.

६. मागचं बेअरिंग पुलरने काढून मेन शाफ्ट तिरपा करत वरून बाहेर घ्या. मग क्लस्टर, शेवटी रिव्हर्स आयडलर (फिरण्याची दिशा उलटवणारा मधला गिअर).

मेन शाफ्ट खोलताना निघेल तो प्रत्येक भाग त्याच क्रमाने, त्याच तोंडाने एका लांब दोरीत किंवा वायरीत ओवत जा. फोटो हवेतच, पण फोटोत वॉशरची तासलेली बाजू दिसत नाही. दोरीत ती चुकत नाही.

## ७. धुणं आणि पारख

सावध: बेअरिंग धुतल्यावर हवेच्या झोताने गरागरा फिरवू नका. कोरडं बेअरिंग त्या वेगात स्वतःलाच खरवडतं आणि पिंजरा फुटून गोळी उडू शकते. वाळवा, दोन थेंब ऑइल टाका, हाताने सावकाश फिरवा.

गिअरचे मोठे दात बघताना मधल्या उंचीवर, जिथे दोन दात एकमेकांवर लोळतात, तिथे खड्डे पडलेत का ते बघा. एखाद-दुसरा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा चालून जातो. खड्ड्यांची माळ लागली असेल तर नाही. बदलायचा झाला तर जोडीने बदला. जुन्या दाताशी नवा दात घातला की आवाज करतोच, आणि झीज नव्याकडे लवकर जाते.

गिअर सटकण्याचं खरं कारण मात्र छोट्या दातांत असतं, ज्यांच्यावर स्लीव्ह सरकून बसते. नवा दात टोकाला छपरासारखा असतो, दोन सपाट उतार आणि मध्ये धार. झिजलेल्या दाताचं छप्पर गोल होतं, अंगठ्याच्या नखासारखं. दाताच्या बाजूही भार पडून उतरत्या झालेल्या असतात. त्या उतारावरून स्लीव्ह घसरते आणि लिव्हर न्यूट्रलला येते. अशा वेळी नुसती रिंग आणि लिव्हरची स्प्रिंग बदलून काहीही होत नाही. गिअर आणि स्लीव्ह दोन्ही गेले.

सिंक्रो रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. ते ऑइलचा थर कापतात. त्यांची धार गेली असेल तर रिंग कोनावर नुसती घसरते. रिंग आणि कोन पुसून, रिंग दाबत थोडी पिळा. चांगली रिंग पकडते आणि सोडवायला किंचित झटका लागतो. कोन निळसर जळालेला असेल तर नवी रिंगही टिकणार नाही.

शाफ्टवर जिथे निडल रोलर धावतात तिथे नख आडवं फिरवा. नख अडकलं तर शाफ्ट बदला. नवे रोलर जुन्या खाचेत घालणं म्हणजे कामाची सुरुवातच नासवणं. फोर्कची टोकं स्लीव्हच्या खाचेत घालून खेळ बघा, झाकणातल्या बॉल-स्प्रिंग आणि इंटरलॉक पिना (दोन गिअर एकदम पडू न देणाऱ्या) काढून मोजा. बॉक्सच्या कानांना आणि काउंटर शाफ्टच्या भोकाजवळ तडे आहेत का, ते उजेडात बघा.

आता, आणि आत्ताच, सुट्या भागांची यादी करा. बेअरिंग, सील, पॅकिंग, रिंगा, सर्क्लिप, थ्रस्ट वॉशर, निडल रोलर हे विचार न करता नवीन. बाकी मापं सांगतील तसं.

## ८. जोडणी

या टप्प्यात घाई करण्यासारखं काही नाही, म्हणून इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

बेअरिंग बसवताना जी रिंग घट्ट बसणार आहे तिच्यावरच दाब द्या. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर, बॉक्समध्ये घालताना बाहेरच्या. चुकीच्या रिंगवर ठोकलं की बळ गोळ्यांमधून जातं, धावपट्टीवर न दिसणारे खळगे पडतात आणि काही शे किलोमीटरवर नवीन बेअरिंग गुणगुणायला लागतं. घट्ट असेल तर ऑइलच्या भांड्यात १०० अंशांपर्यंत तापवा, १२० च्या वर कधीच नाही. गॅसची ज्योत तर लांबच ठेवा.

सिंक्रो हब. तीन चाव्या (रिंगला ढकलणाऱ्या छोट्या पट्ट्या) आणि दोन गोल स्प्रिंगा. दोन्ही स्प्रिंगांची वळलेली टोकं एकाच चावीत अडकवायची नाहीत आणि स्प्रिंगा उलट दिशांनी घालायच्या, म्हणजे तिन्ही चाव्यांवर दाब सारखा येतो. हब उलटा बसणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात सामान्य चूक आहे. उलटा हबही शाफ्टवर जातो, सर्क्लिपही बसते, आणि मग एक गिअर पडतच नाही. दोरीतला क्रम बघा.

सर्क्लिप बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. खाचेत बसेल त्यातली सर्वांत जाड वापरा. नंतर पाचव्या टप्प्यातलं गिअरच्या खेळाचं माप पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्याशेजारी लिहा.

निडल रोलर. क्लस्टर उभा करा, डमी आत घाला, भिंतीला ऑइलमध्ये विरघळणारं पेट्रोलियम जेली लावा आणि एकेक रोलर चिमट्याने उभा लावत जा. मॅन्युअलमध्ये प्रत्येक टोकाला जितके सांगितलेत तितकेच, मोजून. शेवटचा रोलर सहज सरकून बसला पाहिजे, आणि बसल्यावर अजून एकाची जागा उरता कामा नये. मी एकदा एक कमी घातला. हाताला काहीच कळलं नाही, लोण्यासारखा फिरत होता. तीनेकशे किलोमीटरवर तिसऱ्यात बारीक शीळ ऐकू यायला लागली. बॉक्स उघडला तेव्हा उरलेले रोलर तिरके होऊन शाफ्टवर तिरप्या रेघा पाडत होते. हरवलेला रोलर टेबलावरच्या चिंधीच्या घडीत निघाला. तेव्हापासून रिकाम्या पुडीत काय उरलं ते बघितल्याशिवाय मी पुढचा वॉशर लावत नाही.

आता बॉक्समध्ये: रिव्हर्स आयडलर, मग डमीसह क्लस्टर तळाशी. थ्रस्ट वॉशर जेलीने चिकटवा, त्यांची जीभ बॉक्सच्या खाचेत बसलीय ना ते बोटाने चाचपा. क्लस्टरखालून दोन्ही टोकांना सुतळीचे फासे घालून ठेवा. मेन शाफ्ट वरून, इनपुट शाफ्ट पुढून. मग सुतळी ओढून क्लस्टर वर उचला, भोकं जुळवा, खरा शाफ्ट घाला. तो डमीला बाहेर ढकलतो. टोकं चिकटलेली राहू द्या. सुतळी काढायला विसरू नका.

सावध: इनपुट शाफ्ट आत ढकलताना रिंगच्या तीन खाचा हबच्या तीन चाव्यांसमोर आल्याच पाहिजेत. आल्या नाहीत तर काही मिमीची फट राहते, लोक ती पुढच्या कव्हरच्या बोल्टने ओढून घेतात, आणि नवी रिंग चिरडते. हाताने बसत नसेल तर मागे घ्या आणि पुन्हा बघा.

पुढच्या कव्हरच्या पॅकिंगला खालच्या बाजूला ऑइल परत जायचं छिद्र असतं. पॅकिंग उलटं लावलं की ते छिद्र बंद होतं, ऑइल सीलमागे साठतं आणि नव्या क्लच प्लेटवर जातं. सील खराब निघालं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी आधी हे बघावं. बॉक्सच्या आत उघडणाऱ्या बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा. सिलिकॉन लावायचाच असेल तर पातळ. आत निघालेले धागे सुटून ऑइलच्या वाटेत अडकतात.

## ९. टेबलावरची परीक्षा

झाकण लावण्याआधी बॉक्सच्या आत ऑइल ओता, इनपुट शाफ्ट हाताने फिरवा. न्यूट्रलमध्ये मागचा फ्लॅंज धरून ठेवला तरी इनपुट मोकळा फिरला पाहिजे. आता स्लीव्ह हाताने सरकवून एकेक गिअर टाका आणि फेऱ्या मोजा. फ्लॅंजवर खडूची खूण करा, इनपुटवर दुसरी.

एसएम४६५ असेल तर पहिल्यात इनपुटच्या साडेसहाहून किंचित जास्त (६.५५) फेऱ्यांना फ्लॅंजची एक फेरी होते, दुसऱ्यात ३.५८, तिसऱ्यात १.७०, चौथ्यात एकास एक. टी-१८ च्या खोल पहिल्या गिअरच्या प्रकारात पहिल्याला ६.३२. रिव्हर्समध्ये फ्लॅंज उलट फिरतो. एखादा गिअर पडलाच नाही तर हब उलटा आहे, आकडा जुळला नाही तर कोणीतरी आधीच दुसऱ्या बॉक्सचा गिअर घातलाय. हे टेबलावर कळलेलं बरं.

मग झाकण, फोर्क स्लीव्हच्या खाचेत नेमके बसवून. झाकण बसल्यावर एक गिअर टाकून दुसऱ्या फोर्कची रॉड स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बघा. हलायला नको. हलली तर इंटरलॉक पिन राहिलीय. रस्त्यावर दोन गिअर एकदम पडले की मागची चाकं जागीच जाम होतात.

## १०. पुन्हा गाडीत

बॉक्स चढवण्याआधी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग, रिलीज बेअरिंग, इंजिनचं मागचं सील आणि पायलट बुश बघा. पितळी पायलट बुश आत ऑइल मुरवलेला असतो. त्याला ग्रीस भरू नका. चौथा गिअर सटकत होता आणि आत काहीच झिजलेलं निघालं नसेल, तर बेल हाउसिंग मोजा. क्रँकशाफ्टला डायल गेज लावून एक पूर्ण फेरी फिरवा. भोकाच्या कडेवर सुई एकूण ०.०१० इंचाच्या, म्हणजे पाव मिमीच्या वर हलू नये. हलली तर इनपुट शाफ्ट सतत तिरपा चालतोय, आणि कितीही नवे भाग घातलेत तरी बॉक्स पुन्हा तेच करणार. बहुतेकांनी हे माप कधी घेतलेलंच नसतं.

क्लच प्लेट मध्यावर आणायची दांडी वापरा. बॉक्स गिअरमध्ये ठेवा आणि सरकवताना मागचा फ्लॅंज थोडा-थोडा फिरवा, म्हणजे शाफ्टच्या खाचा प्लेटशी जुळतात.

सावध: शेवटचा सेंटिमीटर बोल्टने ओढून घ्यायचा नाही. दोन्ही पृष्ठभाग हाताच्या जोराने टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर प्लेट मध्यावर नाही, किंवा टोक पायलट बुशच्या तोंडाशी अडलंय. बोल्टने ओढलं की बॉक्सचा कान तुटतो, आणि ओतीव लोखंडाचा कान पुन्हा जोडणं सोपं नसतं.

## ११. ऑइल आणि पहिली धाव

पितळी रिंगांच्या बॉक्सला जीएल-४ दर्जाचं ऑइल, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जाडीचं. हाताशी आहे म्हणून डिफरन्शियलचं जीएल-५ ओतू नका. त्यातली जास्त प्रमाणातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळ खाऊ शकतात, आणि ते इतकं निसरडं असतं की रिंग कोनाला पकडत नाही. गाडी सपाट जमिनीवर असताना भरण्याच्या प्लगच्या खालच्या कडेपर्यंत भरा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा बघा.

पहिल्यांदा मागची चाकं मोकळी, गाडी स्टँडवर, आयडलवर प्रत्येक गिअर. मग रिकाम्या रस्त्यावर. सरळ दातांचा पहिला आणि रिव्हर्स गिअर रडल्यासारखा आवाज करणारच. तो दोष नाही, दातांचा आकारच तसा आहे. नव्या रिंगांना पहिले काही दिवस गिअर किंचित जड लागतात. त्या काळात दोन आकडे मोजून गिअर टाका, ढकलू नका.

पन्नास किलोमीटरवर बेल हाउसिंगचे, माउंटचे आणि फ्लॅंजचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा बघा. आठशेच्या आसपास ऑइल बदला आणि तिसऱ्या टप्प्यासारखं उन्हात तिरपं धरून बघा. यावेळी थोडी सोनेरी चकाकी दिसेल, रिंगा घासून जमताना येते ती. चुंबकावरची पेस्ट मऊ असू द्या. पापुद्रे टोचले, तर पाचव्या टप्प्यातला मापांचा कागद काढा आणि कोणता आकडा तेव्हा "चालेल" म्हणून सोडून दिला होता ते शोधा.